बांधाच्या दोन रेषा : दख्खनच्या मातीचं मोजमाप आणि शेतकऱ्याची हरकत

आजचा विषय माती. तत्त्वज्ञान शिकवण्यात ज्यांचा जन्म गेला, ती मंडळी मातीवर काय बोलणार, असं कुणाच्या मनात आलं असेल तर त्यात काही वावगं नाही. पण ज्ञान म्हणजे काय, ते कुणाकडे असतं आणि कुणाचं म्हणणं ज्ञान म्हणून नोंदलं जातं, हा आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांचा जुना प्रश्न आहे. तो ग्रंथालयात जितका दिसतो त्याहून जास्त सोलापूरकडच्या काळ्या रानात दिसतो. म्हणून आज आपण मृदाशास्त्रज्ञाच्या कामाचा इतिहास पाहू, आणि त्यातही जमीन राखण्यासाठी जे संशोधन झालं तेवढाच भाग पाहू.

सुरुवात एका शब्दापासून करू या. 'बांध'. मराठीत या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक अर्थ हद्दीचा. बांध कोरला म्हणून भाऊ भावाविरुद्ध कोर्टात जातो, तो हा बांध. दुसरा अर्थ पाणी आणि माती अडवणाऱ्या वरंब्याचा. पिढ्यान्‌पिढ्या मातीचा एकच ढीग ही दोन्ही कामं करत आला, म्हणून भाषेलाही दोन शब्दांची गरज वाटली नाही. विसाव्या शतकात मृदाशास्त्रज्ञ शेतात आला आणि त्याने या दोन अर्थांची फारकत केली. त्याचं म्हणणं असं, की हद्दीची रेषा कागदावरून ठरते आणि पाण्याची रेषा जमिनीच्या उंचसखलपणावरून ठरते. पाणी काही सातबारा वाचत नाही. तेव्हा बांध घालायचा तर तो समपातळीच्या रेषेवर घाला, म्हणजे ज्या रेषेवरची सगळी ठिकाणं सारख्या उंचीवर आहेत तिच्यावर. शास्त्र म्हणून हे बिनचूक होतं. पण पुढे जे घडलं ते इतकं सरळ नव्हतं.

आधी हे शास्त्र आलं कुठून ते पाहू. माती वाहून जाते हे शेतकऱ्याला कुणी सांगावं लागत नाही. ओघळ पडला की दिसतो. पण ओघळ हा आजाराचा शेवटचा टप्पा. खरी झीज होते ती थराथराने, सगळ्या शेतावरून सारखी, आणि ती डोळ्यांना दिसत नाही. एका हेक्टरवरून एक मिलिमीटर जाडीचा थर गेला तर त्याचं वजन साधारण १३ टन भरतं. तेरा टन माती गेली आणि शेत पाहणाऱ्याला फरक कळला नाही, असं होऊ शकतं. म्हणजे हा नुसत्या अनुभवाने पुरता न कळणारा प्रश्न आहे. इथे मोजमापाला पर्याय नाही, आणि मृदाशास्त्रज्ञाचं पहिलं मोठेपण इथेच आहे. न दिसणारी हानी त्याने दिसती केली.

अमेरिकेत ह्यू हॅमंड बेनेट नावाचा एक सर्वेक्षक १९०५ साली व्हर्जिनियातल्या लुईझा परगण्यात मातीचे नकाशे करत होता. शेजारीशेजारी दोन जमिनी, उतार सारखा. एकीवर झाडी, तिथली माती मऊ, भुसभुशीत. दुसरी पिढ्यान्‌पिढ्या नांगरलेली, तिथली माती घट्ट, कडक. बेनेटच्या लक्षात आलं की या दोन वेगळ्या माती नाहीत; दुसरीचा वरचा थर निघून गेलाय आणि आपण तिच्या पोटातली माती पाहतोय. गंमत अशी, की त्याच्याच खात्याच्या वरिष्ठांचं मत तेव्हा उलट होतं. माती ही कधी न संपणारी राष्ट्रीय संपत्ती आहे, असं त्या काळात सरकारी पुस्तिकेतून छापलं जात होतं. बेनेट पुढची वीसबावीस वर्षं एकच गोष्ट सांगत राहिला, आणि १९२८ साली त्याची या संकटावरची पुस्तिका निघाली. मग १९३० च्या दशकात तिकडच्या गवताळ मैदानांतून धुळीची वादळं उठली. १४ एप्रिल १९३५ चा रविवार तिथे 'काळा रविवार' म्हणूनच ओळखला जातो. त्यानंतर तेरा दिवसांनी, २७ एप्रिलला, मृदसंधारणाचा कायदा झाला.

पण कायद्याच्या आधी मोजणी होती. मिसुरी विद्यापीठात मिलर आणि ड्युली या दोघांनी १९१७ साली उतारावर सात अरुंद पट्टे आखले. प्रत्येक पट्टा एकराचा ऐंशीवा भाग. एकावर दरवर्षी मका, एकावर गवत, एक नांगरून उघडा ठेवलेला, एकावर पिकांची फेरपालट, असं. खालच्या टोकाला टाक्या. पाऊस पडला की टाकीत किती पाणी आलं, किती गाळ आला, ते मोजायचं. बस्स, एवढंच. चौदा वर्षांच्या मोजणीतून निष्कर्ष आला तो असा : नांगरलेल्या उघड्या जमिनीचा सुपीक थर काही दशकांत संपेल, आणि गवताखालचा तोच थर संपायला हजारो वर्षं लागतील. जमीन तीच, उतार तोच, पाऊस तोच. फरक फक्त अंगावरच्या पांघरुणाचा.

पुढे अशा पट्ट्यांची लांबी ७२.६ फूट आणि रुंदी ६ फूट ठरली. हा आकडा काही मातीच्या स्वभावातून आला नाही. त्या मापाने पट्टा बरोबर एकराचा शंभरावा भाग होतो आणि हिशेब सोपा पडतो, म्हणून. अशा पट्ट्यांवरच्या दहा हजारांहून अधिक वर्षनोंदी पर्ड्यू विद्यापीठात एकत्र करून विशमायर आणि स्मिथ यांनी ते प्रसिद्ध सूत्र बांधलं : पावसाचा जोर, मातीचा झिजण्याचा स्वभाव, उताराची लांबी, उताराचा चढ, पीक आणि संधारणाचा उपाय, या सहांचा गुणाकार म्हणजे दरवर्षीची झीज. आज जगभर, आपल्याकडेही, हेच सूत्र या ना त्या रूपात वापरतात. एक लक्षात ठेवू या, की जगाची माती मोजणाऱ्या सूत्राच्या मुळाशी एक हिशेबाची सोय आहे. तिने सूत्र खोटं ठरत नाही. पण सूत्र माणसांनी, एका ठिकाणी, काही गरजेपोटी केलेलं असतं, याचं भान राहतं.

आता आपल्याकडे येऊ. इथे या विचाराची सुरुवात प्रयोगशाळेत झाली असं मानायचं कारण नाही. महात्मा फुल्यांनी १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. त्यात ते काय सुचवतात? डोंगरावरून पावसाबरोबर येणारं पालापाचोळ्याचं, कुजकं खत शेतात मुरलं पाहिजे. त्यासाठी पलटणीतल्या आणि पोलिसातल्या माणसांकडून जागोजाग ताली आणि बंधारे बांधून घ्यावेत. आजच्या भाषेत हा पाणलोट क्षेत्राचा विचार आहे. डोंगर, रान आणि शेत ही एकच व्यवस्था आहे, आणि वरचं जंगल शेतकऱ्याच्या हातून गेलं की खालच्या शेताचं खत जातं, हे फुल्यांनी पाहिलं होतं.

शास्त्रीय प्रयोग सुरू झाले १९२३ मध्ये, पुण्याजवळ मांजरीला, व्ही. ए. ताम्हाणे यांच्या हातून. १९२६ पासून ते ना. वि. कानिटकरांनी पुढे नेले. कानिटकरांचं नाव इथे मुद्दाम घ्यायला हवं. डॉ. हॅरोल्ड मान यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर गावाचा अभ्यास १९१७ साली छापला होता. १७७१ मध्ये तिथे सरासरी धारणा ४० एकर होती, ती १९१५ च्या सुमाराला ७ एकरांवर आली, हे त्यांनी दाखवलं. (आज त्या शेतांवर इमारती उभ्या आहेत, तो वेगळा विषय.) या अभ्यासाचा दुसरा भाग, जातेगाव बुद्रुकचा, १९२१ मध्ये आला आणि त्यात मान यांचे सहलेखक होते कानिटकर. म्हणजे ज्या माणसाने पुढे दख्खनच्या कोरडवाहू जमिनीचं शास्त्र उभं केलं, त्याने आधी गावातलं कर्ज, तुकडे आणि मजुरी मोजली होती. माती आणि मालकी या दोन्ही गोष्टी एकाच माणसाने हाताळल्याची उदाहरणं फार नाहीत.

१९३३ मध्ये सोलापूर आणि विजापूर, १९३४ मध्ये हगरी आणि रायचूर, १९३५ मध्ये रोहतक अशी पाच कोरडवाहू संशोधन केंद्रं निघाली. सोलापूरला उतारावर पट्टे आखून वाहून जाणारं पाणी आणि माती मोजण्याचं काम झालं. त्यातून जी शिफारस तयार झाली तिला 'बॉम्बे ड्राय फार्मिंग' पद्धत म्हणत : बांध घाला, तीन वर्षांतून एकदा खोल नांगरा, शेणखत द्या, बी कमी आणि पाभर रुंद ठेवा, कोळपण्या वेळेवर करा. शिफारस शहाणपणाची होती. पण उत्पन्नातली वाढ होती पंधरावीस टक्के, आणि तीही हेक्टरी दोनशे-चारशे किलोवर. तीन पोती ज्वारी पिकवणाऱ्याला अर्ध्या पोत्याची वाढ दिसली, आणि खर्च आज करायचा. त्याने फारसा उत्साह दाखवला नाही यात नवल ते काय?

सोलापूरच्या शेतीची एक अडचण इथे समजून घेऊ. तिथलं मुख्य पीक रब्बी ज्वारी. ती पेरायची पावसाळा सरताना. म्हणजे जून ते सप्टेंबर, पाऊस कोसळत असताना, भारी जमीन कुळवून उघडी ठेवायची, ओल साठावी म्हणून. मिसुरीच्या पट्ट्यांत सगळ्यांत जास्त झिजलेला पट्टा कोणता होता आठवा. नांगरून उघडा ठेवलेला. आपल्याकडे प्रयोगातला तो पट्टा लाखो एकरांवर पसरलेला होता, आणि त्यामागे आळस नव्हता, ओल धरण्याची गरज होती. उघड्या मातीवर थेंब आदळतो तो मोठा असेल तर सेकंदाला नऊ मीटर या वेगाने. त्या माराने मातीचे कण सुटतात, बारीक कण छिद्रांत बसून वरचं तोंड बंद होतं, मग पाणी मुरत नाही, वाहतं. एलिसन या अमेरिकी संशोधकाने १९४० च्या दशकात हे प्रयोगाने दाखवलं : झीज वाहत्या पाण्याच्याही आधी, थेंबापासून सुरू होते.

मग आला १९४२ चा मुंबई जमीन सुधारणा योजना कायदा. विचार असा, की एकट्यादुकट्याने बांध घालून भागत नाही, वरच्याचं पाणी खालच्याचा बांध फोडतं. तेव्हा सगळ्या शिवाराची मिळून योजना करायची. मसुदा प्रसिद्ध करायचा, जमीनधारकांच्या हरकती ऐकायच्या, आणि योजना मंजूर झाली की ती सगळ्यांना लागू. 'हरकत' हा शब्द मनात ठेवा. आपण त्याच्याकडे परत येऊ. पुढच्या दोन दशकांत मुंबई राज्यात समपातळी बांधांचं काम इतक्या मोठ्या प्रमाणावर झालं की देशात इतरत्र त्याचा दाखला दिला जाई.

शेतकरी काय म्हणत होता? त्याचं म्हणणं साधारण तीन गोष्टींचं. एक, बांध माझ्या शेतातून तिरका जातो, औत फिरवायला कोपरे सापडत नाहीत. दोन, बांधाखाली आणि बांधाच्या खड्ड्यात माझी जमीन गेली, आणि फायदा शेजाऱ्याला. तीन, भारी रानात या बांधामागे पाणी तुंबतं, पीक पिवळं पडतं, वाफसा येत नाही, आणि एखाद्या मोठ्या पावसात बांध फुटला तर आधी नव्हता तो ओघळ पडतो. यातल्या पहिल्या दोन तक्रारी सोयीच्या किंवा स्वार्थाच्या म्हणता येतील. पण तिसरी? तिसरी तक्रार नव्हतीच. ते निरीक्षण होतं. आणि ते बरोबर होतं.

का बरोबर होतं ते बघा. काळ्या भारी मातीतली चिकणमाती पाण्याने फुगते आणि वाळली की आक्रसते. उन्हाळ्यात हात जाईल अशा भेगा. पहिला पाऊस त्या भेगांतून आत उतरतो. पण माती फुगली की भेगा मिटतात आणि पाणी मुरण्याचा वेग अगदी मंदावतो. आता अशा जमिनीत समपातळीवर बांध घातला तर अडलेलं पाणी जाणार कुठे? ते उभं राहतं. बांधही त्याच मातीचा. उन्हाळ्यात त्यालाही भेगा पडतात आणि पुढच्या पावसात तिथूनच तो खचतो. १९५४ मध्ये मृद आणि जलसंधारणाची जी केंद्रं निघाली, त्यांत बेल्लारीचं केंद्र याच काळ्या मातीसाठी होतं. तिथल्या अनुभवातून सल्ला बदलला : भारी काळ्या जमिनीत पाणी कोंडू नका, बांधाला थोडा ढाळ द्या, जादा पाणी सावकाश, सुरक्षित वाटेने गवताळ चरातून बाहेर काढा. समपातळी बांध शोभतो तो कमी पावसाच्या, पाणी मुरणाऱ्या, हलक्या ते मध्यम जमिनीला.

आता शेतकऱ्याची भाषा आठवा. बरड, मुरमाड, मध्यम, भारी काळी, चिबड, चोपण. एकाच उतारावर माथ्याला बरड, मध्ये मध्यम, ओढ्याकाठी भारी. मृदाशास्त्रज्ञ गिरमिटाने नमुना काढतो, पुरुषभर खड्डा घेऊन थर पाहतो, ओली माती बोटांत चोळून तिची फीत किती लांब निघते ते बघतो, रंगाच्या तक्त्याशी ताडतो. नागपूरला १९७६ मध्ये राष्ट्रीय मृद सर्वेक्षण संस्था स्थापन झाली, तिच्या नकाशांमागे असंच काम आहे. आणि नकाशा तयार झाल्यावर बहुतेकदा दिसतं काय, तर माथ्यापासून ओढ्यापर्यंत माती बदलत जाते. म्हणजे दोघांचं ज्ञान एकमेकांच्या विरोधात नव्हतं. पण एकाचं वाक्य अहवालात 'निरीक्षण' म्हणून आलं आणि दुसऱ्याचं वाक्य फायलीत 'हरकत' म्हणून लागलं. हरकत फेटाळता येते. निरीक्षण फेटाळता येत नाही, ते तपासावं लागतं. आमच्या मते या सगळ्या इतिहासाची कळ इथे आहे.

१९९२ मध्ये जॉन केर आणि एन. के. संघी यांनी देशातल्या कोरडवाहू भागातल्या पारंपरिक संधारणावर एक निबंध लिहिला. त्यांना दिसलं ते असं, की शेतकरी बांध घालत नाहीत हे खरं नाही. घालतात, पण हद्दीवर, आपल्या मालकीच्या रेषेवर, थोडा थोडा, वर्षं घेऊन. कारण तो बांध त्यांचा असतो, त्याची डागडुजी त्यांच्या हातात असते, शेजाऱ्याशी नव्याने बोलणी करावी लागत नाहीत. समपातळीची रेषा पाण्याच्या दृष्टीने अचूक असते. पण दोन मालकांच्या मधून जाणाऱ्या बांधाची काळजी घेणार कोण? ज्याला मालक नाही तो बांध दोनचार पावसाळ्यांत उंदरांच्या बिळांनी आणि नांगराच्या फाळाने सपाट होतो. शास्त्राच्या रेषेला समाजाची संमती लागते, नाहीतर ती रेषा कागदावर राहते.

इथे एक तात्त्विक मुद्दा घेऊ, फार लांबवत नाही. झीज किती होते याचा देशाचा अंदाज ध्रुवनारायण आणि राम बाबू यांनी १९८३ मध्ये मांडला : वर्षाला ५३३.४ कोटी टन, म्हणजे हेक्टरी सरासरी १६.४ टन. त्यातली सुमारे २९ टक्के माती समुद्रात, १० टक्के धरणांच्या जलाशयांत, बाकीची इकडची तिकडे. हे 'आहे' या प्रकारचं विधान. पण लगेच दुसरा प्रश्न येतो : किती झीज चालेल? अमेरिकेत एकरी पाच टन, म्हणजे हेक्टरी ११.२ टन, ही वरची मर्यादा धरत. आपल्याकडे बराच काळ तोच आकडा सरसकट वापरला गेला. नंतर मातीचा थर किती खोल आहे आणि ती कशी आहे ते पाहून २.५ ते १२.५ टनांपर्यंत वेगवेगळ्या मर्यादा ठरवल्या गेल्या. हे जास्त बरोबर आहे. कारण दोन मीटर खोल काळ्या रानाला १२ टन आणि वीतभर बरडाला १२ टन, यांचा अर्थ एक नाही. पण आपण हे ओळखलं पाहिजे की 'चालेल' हा शब्द मोजपट्टीवर नसतो. ह्यूमने १७३९-४० च्या आपल्या ग्रंथात सांगून ठेवलंय, की 'आहे'वरून 'असावं' आपोआप निघत नाही. चालेल म्हणजे कुणाला चालेल? आज पिकवणाऱ्याला, की पन्नास वर्षांनी पिकवणाऱ्याला? सुपीक थराची एक इंच माती तयार व्हायला शतकं लागतात. जो अजून जन्मला नाही त्याची हरकत कोणत्या फायलीत लागणार?

१९७२ चा दुष्काळ आला तेव्हा हा प्रश्न मागे पडला, आणि ते स्वाभाविक होतं. माणसं जगवायची होती. १९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रात सुमारे ५० लाख लोक दुष्काळी कामांवर होते. बांधबंदिस्ती, नालाबंडिंग, पाझर तलाव, रस्ते, खडी. त्यातूनच पुढे रोजगार हमीचा कायदा आला. पण दुष्काळी कामावर बांधाचं माप बदललं : किती माती वाचली हे कोण मोजणार, किती माती उचलली ते मोजलं गेलं, कारण मजुरी त्यावर ठरायची. त्या काळातले बांध घालणाऱ्या हातांनी महाराष्ट्र तगवला. फक्त संधारणाची कसोटी आणि मजुरीची कसोटी एक नसते, एवढंच.

१९८३ नंतर राज्यात पाणलोट हाच एकक धरून काम सुरू झालं. माथ्यापासून पायथ्यापर्यंत, आधी वर समतल चर आणि गवत, मग बांध, शेवटी ओढ्यावर बंधारा. राळेगणसिद्धी, हिवरे बाजार ही नावं तुम्हाला ठाऊक आहेत. या गावांचं यश सांगताना बंधाऱ्यांची संख्या सांगितली जाते. आमच्या मते मुख्य गोष्ट ती नाही. तिथे चराईबंदी, कुऱ्हाडबंदी असे निर्णय गावाने बसून घेतले. म्हणजे समपातळीची रेषा आणि मालकीची रेषा यांच्यातला तंटा ग्रामसभेत सुटला, मृदाशास्त्रज्ञाच्या टेबलावर नाही.

मग मृदाशास्त्रज्ञाचं काम काय उरलं? पुष्कळ उरलं. न दिसणारी झीज मोजणं त्याच्याशिवाय कुणी करू शकत नाही. कोणत्या मातीत काय टिकेल हे पारखून सांगणं त्याचंच काम. पण त्या कामात आणखी एक गोष्ट येते, जिला अभ्यासक्रमात तास नसतो : शेतकरी 'इथे पाणी तुंबतंय' म्हणाला, की ते वाक्य वहीत कोणत्या रकान्यात लिहायचं. तरुण मित्रांपैकी काही कृषी महाविद्यालयात शिकत असतील. त्यांना एवढंच सांगणं आहे, की त्या वाक्यासाठी हरकतीचा रकाना करू नका. निरीक्षणाच्या रकान्यात लिहा, खाली तारीख आणि गट नंबर घाला, आणि पुढच्या पावसाळ्यात तिथे जाऊन तपासा. ते चुकीचं निघालं तर तसं लिहा. बरोबर निघालं तर बांधाची रेषा बदला.

वेळ झालीय. इथे थांबू. प्रश्न असतील तर अवश्य विचारा, हरकती असतील तर आधी विचारा.